शिकारीत रायफलला टेकू कसा निवडतात? प्रकार, उंची, वजन आणि मर्यादा

रायफलने नेम धरताना ती हलू नये म्हणून तिला खालून जो आधार देतात, त्याला शूटिंग रेस्ट म्हणतात. साध्या मराठीत हा रायफलचा टेकू. नेमबाजीच्या मैदानावर असा टेकू टेबलावर ठेवलेला, जड आणि एकाच जागी असतो. रानातल्या शिकाऱ्याला मात्र तो दिवसभर सोबत वागवावा लागतो, दगडधोंड्यांत किंवा चढावर उभा करावा लागतो आणि जनावर समोर थांबले आहे तेवढ्याच वेळात वापरावा लागतो. हा वेळ अनेकदा दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नसतो.

भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीवर कायद्याने बंदी आहे. पण नामिबिया, दक्षिण आफ्रिका, स्कॉटलंड, अमेरिका अशा अनेक ठिकाणी परवाना घेऊन, ठरावीक हंगामात आणि ठरावीक संख्येत शिकार करता येते. तिथे टेकूची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न नसतो. नेम थोडा चुकला तर जनावर जागीच मरत नाही. ते पोटात किंवा पायात गोळी घेऊन पळते आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी कुठेतरी झाडीत मरते. चांगल्या टेकूचे पहिले काम ही वेळ येऊ न देणे हे आहे.

टेकू लागतोच कशाला?

माणसाचे शरीर कधीही पूर्ण स्थिर नसते. श्वासाबरोबर छाती वरखाली होते, हृदयाचा प्रत्येक ठोका हातापर्यंत पोहोचतो, उभे असताना तोल सावरण्यासाठी पायांचे स्नायू सतत काम करत असतात. चढ चढून आल्यावर किंवा जनावर दिसल्यावर धडधड वाढते, तसा हा कंपही वाढतो.

हा कंप किती महाग पडतो, ते साध्या हिशोबाने कळते. रायफलचा मागचा भाग खांद्याला टेकलेला असतो आणि पुढचा भाग हातावर किंवा टेकूवर असतो. या दोन जागांमधले अंतर साधारण ६० सेंटिमीटर धरू. पुढची जागा फक्त १ मिलिमीटर सरकली, तर १०० मीटरवर गोळी सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला जाते आणि २०० मीटरवर सुमारे ३३ सेंटिमीटर. मध्यम आकाराच्या हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जी जागा होते, ती साधारण एक वीतभर असते. म्हणजे नखाच्या जाडीएवढी हालचालही २०० मीटरवर गोळी त्या जागेबाहेर नेऊ शकते.

टेकूशिवाय स्थिर राहता येतेच. पण त्यासाठी वेगळी तयारी लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरायचा असतो. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. रायफलखाली टेकू चालत नाही. बसून आणि झोपून नेम धरताना हाताला गुंडाळलेला पट्टा चालतो, उभ्याने तोही नाही. मात्र या खेळाडूंच्या अंगावर ताठ जाड जाकीट आणि पँट असते, हातात तोलून बनवलेली जड रायफल असते आणि मागे रोजच्या सरावाची अनेक वर्षे असतात. शिकाऱ्याची रायफल बहुधा ३ ते ४ किलोची असते, अंगावर साधे कपडे असतात आणि पायाखाली सपाट जमीनही नसते. म्हणून त्याला टेकू लागतो.

जुना इतिहास

टेकू बंदुकीइतकाच जुना आहे. सोळाव्या शतकातल्या युरोपातील मस्केट बंदुका इतक्या जड होत्या, की सैनिक सोबत टोकाला बेचके असलेली काठी बाळगत. बंदूक त्या बेचक्यात ठेवूनच बार काढला जाई. पुढे बंदुका हलक्या झाल्या आणि सतराव्या शतकात ही काठी सैन्यातून हळूहळू नाहीशी झाली. अफगाणिस्तानातल्या लांब नळीच्या जेझैल बंदुकांनाही असा दुबेळक्याचा आधार असे. मुघल काळातील काही शिकारचित्रांत बंदुकीची नळी सेवकाच्या खांद्यावर टेकवलेली दिसते. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे हे आपल्याकडे बोलण्यात वाक्प्रचार म्हणून वापरतात, पण बंदुकीच्या इतिहासात ती खरीखुरी पद्धत होती.

अमेरिकेच्या गवताळ मैदानांत १८७० च्या दशकात बायसन मारणारे व्यावसायिक शिकारी शार्प्ससारख्या जड रायफली वापरत. दोन काठ्या वरच्या टोकाजवळ एकत्र बांधून फुलीसारख्या उभ्या करायच्या आणि खाली बसून त्यांच्या बेचक्यात रायफल ठेवायची, अशी त्यांची रीत होती. या साध्या साधनाने दूरचा नेम इतका सोपा झाला, की एकाच जागी बसून कळपातली अनेक जनावरे मारता येत. कातड्यांच्या व्यापारासाठी झालेल्या या कत्तलीमुळे कोट्यवधी बायसनांपैकी १८८० च्या दशकाच्या अखेरीस एक हजारही उरले नव्हते. आज जिथे शिकार कायदेशीर आहे तिथे संख्येची मर्यादा, हंगाम आणि परवाने यांचे नियम इतके कडक असण्यामागे असाच इतिहास आहे.

जमीन बदलली की टेकू बदलतो

कोणता टेकू सर्वांत स्थिर, हा प्रश्न दुकानात विचारला जातो. रानातला प्रश्न वेगळा असतो: या गवतातून दिसण्यासाठी रायफल किती उंचीवर असावी लागेल, आणि त्यासाठी किती वेळ मिळेल? तीन प्रदेश पाहिले की हा फरक कळतो.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात तांबड्या हरणाची शिकार करताना शिकारी आणि त्याचा वाटाड्या शेवटचे अंतर बऱ्याचदा ओल्या जमिनीवरून सरपटत कापतात. उघड्या उतारावर झाडे कमी असतात आणि हेदर नावाची झुडपे बहुतेक ठिकाणी गुडघ्याच्या खालीच राहतात. त्यामुळे पालथे झोपून नेम धरता येतो. इथे रायफलला जोडलेला बुटका दोनपायी टेकू किंवा खाली ठेवलेली पाठपिशवी पुरते.

अमेरिकेतल्या वायोमिंगसारख्या राज्यांत प्राँगहॉर्न हा अतिशय तीक्ष्ण नजरेचा प्राणी मोकळ्या माळावर राहतो. जमीन सपाट वाटते, पण सेजब्रश ही झुडपे गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढतात. पालथे झोपले तर समोर फक्त झुडपे दिसतात. म्हणून बसून वापरता येईल एवढ्या उंचीचा टेकू इथे सोयीचा ठरतो.

नामिबियाच्या झुडपी रानात कुडू, ओरिक्स किंवा स्प्रिंगबॉक यांच्या मागावर चालत जावे लागते. गवत उंच, काटेरी झुडपे दाट आणि जनावर दिसले तरी ते दोन झुडपांमधल्या फटीत काही क्षणच उभे राहते. इथे बसायला वाव नसतो. उभ्यानेच नेम धरावा लागतो. त्यामुळे आफ्रिकेच्या दक्षिण भागात तीन लांब काठ्यांचा टेकू हे शिकारीचे नेहमीचे साधन झाले आहे. तो बहुधा व्यावसायिक मार्गदर्शक किंवा माग काढणारा माणूस वाहून नेतो आणि जनावर दिसताच शिकाऱ्यासमोर उभा करतो.

म्हणजे जितके खाली राहता येईल तितका नेम स्थिर, हे खरेच आहे. झोपून धरलेला नेम बसून धरलेल्यापेक्षा आणि बसून धरलेला उभ्याने धरलेल्यापेक्षा चांगला असतो. पण किती खाली जाता येईल, हे गवत ठरवते.

टेकूंचे मुख्य प्रकार

जागेवर मिळणारा आधार: पाठपिशवी, गुंडाळलेले जाकीट, झाडाचे खोड, दगड, वाळवीचे वारूळ. वजन काही नाही, खर्च काही नाही. पाठपिशवीवर रायफल ठेवून पालथे झोपले, तर हा आधार अनेक विकतच्या टेकूंच्या तोडीचा असतो. अडचण एवढीच, की हवा तिथे आणि हव्या त्या उंचीचा दगड किंवा बुंधा दर वेळी मिळत नाही.

एक काठी: वर बेचके असलेली एकच काठी. चालताना हातात आधाराला येते आणि झटकन वापरता येते. रायफलचे वजन पेलते आणि वरखाली होणारी हालचाल बरीच कमी करते. डावी-उजवीकडची हालचाल मात्र फारशी थांबवत नाही. जवळच्या अंतरासाठी ठीक.

दोन काठ्या: बायसन शिकाऱ्यांच्या फुलीचीच ही आधुनिक रूपे. आता त्या ॲल्युमिनियम किंवा कार्बन फायबरच्या आणि घडीच्या मिळतात. बसून नेम धरण्यासाठी वजन आणि उपयोग यांचा चांगला मेळ बसतो. बाजूची हालचाल बऱ्यापैकी रोखतात, पण पुढे-मागे झुकतात. ती हालचाल शिकाऱ्याला आपल्या अंगाने आवरावी लागते.

तीन काठ्या: तिकाटण्यासारखा उभा राहणारा हा टेकू हात सोडला तरी पडत नाही. उभे राहून, गुडघ्यावर आणि बसूनही वापरता येतो. साध्या लाकडी काठ्या वरून रबराने किंवा चामड्याने बांधलेल्या असतात. त्यांची उंची पाय पसरून किंवा जवळ घेऊन बदलतात. धातूच्या टेकूत पाय लांब-आखूड होतात. काहींत मुठीजवळची कळ दाबली की तिन्ही पाय एकदम सरकतात आणि उंची एका हाताने साधता येते. वजन साधारण एक ते दीड किलोच्या आसपास असते.

चार काठ्या, दोन आधार: यात रायफल पुढे आणि मागे अशा दोन जागी टेकते. त्यामुळे खांद्याकडचा भागही धरला जातो आणि उभ्याने नेम धरताना होणारा कंप बराच कमी होतो. पण जनावर चालू लागले की नेम त्याच्या मागे नेणे कठीण जाते. नेमाची दिशा फार बदलायची असेल तर सगळा टेकू उचलून फिरवावा लागतो.

रायफलला जोडलेले दोन पाय: यालाच बायपॉड म्हणतात. नळीखालच्या पुढच्या भागाला ते कायम जोडलेले असतात आणि घडी करून ठेवता येतात. विसरण्याची किंवा हातात वागवण्याची भानगड नाही. पण रायफल पुढून जड होते, झुडपांत पाय अडकतात आणि बुटके बायपॉड उंच गवतात निरुपयोगी ठरतात. उंच बायपॉड बसून वापरता येतात, पण उंची वाढली की त्यांचे पाय अधिक डळमळतात.

कॅमेऱ्याचा ट्रायपॉड: छायाचित्रकारांचा मजबूत ट्रायपॉड आणि त्यावर रायफल पकडणारा चिमटा किंवा पट्टी. कॅमेऱ्यासाठी तयार झालेली आर्का-स्विस पद्धतीची पट्टी आता अनेक रायफलींनाही बसते. स्थिरतेत याला तोड नाही. दुर्बीण लावून डोंगर न्याहाळायलाही तोच चालतो. पण वजन दोन-तीन किलोंच्या घरात जाते आणि मांडायला वेळ लागतो. एका जागी बसून वाट पाहायची असेल तर तो उत्तम, मागावर चालायचे असेल तर ओझे.

मागचा आधार विसरला जातो

बहुतेकांचे लक्ष रायफलच्या पुढच्या भागाकडे असते. पुढचा भाग टेकूवर पक्का बसला, की काम झाले असे वाटते. पण वरचा हिशोब उलट्या बाजूनेही तितकाच खरा आहे. पुढचे टोक अजिबात हलले नाही आणि खांद्याकडचे टोक १ मिलिमीटर वर झाले, तरी गोळी १०० मीटरवर तेवढीच, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटर खाली जाते. उंच तीनपायी टेकूवर उभ्याने नेम धरणाऱ्याचा उजवा कोपर हवेत असतो आणि कंप तिथूनच येतो.

यावर उपाय साधे आहेत. पालथे झोपल्यावर दस्त्याखाली वाळूची किंवा दाण्यांची छोटी पिशवी, हातमोजा किंवा गुंडाळलेली टोपी ठेवतात. बसल्यावर दोन्ही कोपर गुडघ्यांच्या आतल्या बाजूला टेकवतात. हाडावर हाड टेकवले तर कोपर घसरतो, मांसल भागावर टेकवला तर स्थिर राहतो. उभ्याने झाडाला पाठ किंवा खांदा लावतात, उजव्या काखेखाली दुसरी काठी घेतात, किंवा सोबतचा माणूस उजव्या बाजूला उभा राहून आपला खांदा कोपराखाली देतो. पुढच्या टेकूवर जास्त पैसे घालण्याआधी मागच्या आधाराची ही सोय केली तर फरक लगेच दिसतो.

सोबत्याच्या खांद्यावर रायफलची नळी टेकवणे मात्र पूर्ण टाळावे. शिकारी रायफलच्या बाराचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. नळीच्या तोंडाजवळ ज्याचे कान असतील त्याची श्रवणशक्ती एकाच बारात कायमची बिघडू शकते.

निवडताना काय पाहावे?

उंची: आधी कुठे जायचे आहे, ते ठरवावे. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंची दोन्ही पाहावी. उभ्याने वापरायचा टेकू शिकाऱ्याच्या छातीच्या वरपर्यंत सहज पोहोचला पाहिजे. उतारावर एक पाय खाली जातो, तेव्हा आणखी उंची लागते. जेमतेम पुरणारा टेकू उतारावर कमी पडतो.

मांडण्याचा वेळ: टेकू हातात धरून चालताना, कोणी "थांब" म्हटल्यापासून नेम धरेपर्यंत किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहावे. खूप खिट्ट्या आणि स्क्रू असलेला टेकू घरी छान वाटतो, पण थंडीत हातमोजे घालून तो उघडत नाही.

वजन: टेकूचे वजन एकटे पाहू नये. रायफल, दुर्बीण, पाणी आणि कपडे यांच्या जोडीला तो दिवसभर वाहायचा आहे. फार जड टेकू लोक गाडीत ठेवून जातात. गाडीत राहिलेला टेकू कितीही स्थिर असला तरी उपयोगाचा नाही.

वरचे बेचके: ते रुंद आणि रबराचे किंवा फोमचे असावे. रायफल त्यात आवाज न करता बसली पाहिजे आणि डावी-उजवीकडे वळवता आली पाहिजे.

पायांची टोके: मऊ मातीसाठी अणकुचीदार टोक चांगले, खडकावर रबर चांगले. दोन्ही बदलता येत असतील तर उत्तम. वाळूत अणकुचीदार टोक खोल रुतते आणि उंची बदलते.

आवाज: धातूचे पाय एकमेकांवर आपटले की होणारा टणत्कार जनावराला लांबूनही ऐकू जातो. पायांवर कापड किंवा टेप गुंडाळणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

सोबत कोण आहे: वाटाड्या टेकू वाहून आणि मांडून देणार असेल तर लांब आणि जड टेकू चालतो. एकट्याने जाणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. त्याला चालताना आधार देणारी काठी किंवा रायफललाच जोडलेले पाय सोयीचे.

वापरताना होणाऱ्या चुका

नळी टेकूवर ठेवणे: बार झाल्यावर नळी थरथरते. ती कशाला तरी टेकलेली असेल तर ही थरथर बदलते आणि गोळी नेहमीच्या जागी जात नाही. टेकू नेहमी नळीखालच्या लाकडी किंवा फायबरच्या भागाला लावावा.

कठीण पृष्ठभागावर थेट ठेवणे: दगडावर किंवा गाडीच्या पत्र्यावर टेकवलेली रायफल बाराच्या धक्क्याने उसळते. मध्ये टोपी, जाकीट किंवा आपला हात ठेवावा.

दुर्बिणीतून दिसते म्हणजे गोळीची वाट मोकळी आहे असे मानणे: दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर असते. पाठपिशवी किंवा दगडावर रायफल ठेवली, की दुर्बिणीला समोर सगळे मोकळे दिसते, पण नळीच्या तोंडासमोर दगडाची कड किंवा फांदी असू शकते. चाप ओढण्याआधी नळीसमोर एकदा पाहून घ्यावे.

पाय जवळजवळ ठेवणे: घाईत तीन काठ्या नीट पसरल्या जात नाहीत. पाय रुंद पसरले की टेकू थोडा बुटका होतो, पण खूप घट्ट उभा राहतो. उंच उभे राहण्यापेक्षा पाय फाकवून किंचित पुढे झुकणे चांगले. डाव्या हाताने बेचके आणि रायफल एकत्र धरून हलकेच खाली दाबल्यास कंप आणखी कमी होतो.

भरलेली रायफल टेकूवर ठेवून बाजूला होणे: टेकू रायफल उभी करून ठेवण्याचा घोडा नाही. वाऱ्याने किंवा धक्क्याने तो पडतो. हात काढण्याआधी रायफल रिकामी केलेली असावी आणि नळी कायम सुरक्षित दिशेला असावी.

कागदी थाळीची परीक्षा

टेकू आपल्या उपयोगाचा आहे की नाही, हे दुकानात कळत नाही. त्यासाठी जगभर शिकारी एक सोपी परीक्षा करतात. अधिकृत नेमबाजी मैदानावर साधारण २० सेंटिमीटर व्यासाची कागदी थाळी लावायची. ही थाळी हरणाच्या हृदय-फुप्फुसाच्या जागेएवढी असते. मग टेबल न वापरता, रानात जसा टेकू मांडू तसाच तो मांडून, रानात मिळतो तेवढ्याच वेळात पाच गोळ्या झाडायच्या. आधी ५० मीटर, मग १०० आणि त्यापुढे. प्रत्येक गोळीनंतर टेकू उचलून पुन्हा मांडायचा. शक्य असल्यास आधी थोडे धावून श्वास चढू द्यायचा.

पाचही गोळ्या थाळीत पडतात असे सर्वांत लांबचे अंतर ही त्या माणसाची, त्या टेकूवरची, त्या बैठकीतली मर्यादा. टेबलावरून ३०० मीटर साधणाऱ्याला तीनपायी काठ्यांवर उभ्याने १०० ते १५० मीटर पुरतात, हे बऱ्याच जणांना इथेच पहिल्यांदा कळते. झोपून, बसून आणि उभ्याने अशा तिन्ही मर्यादा वेगळ्या असतात आणि त्या वेगळ्याच लक्षात ठेवायच्या असतात. रिकाम्या रायफलने घरीही टेकू मांडण्याचा सराव करता येतो. मात्र त्याआधी रायफलमध्ये काडतूस नाही हे दोनदा तपासावे आणि काडतुसे त्या खोलीत ठेवूच नयेत.

टेकू "नको" म्हणतो तेव्हा

दुर्बिणीतली फुली जनावराच्या खांद्यामागे स्थिर न राहता पोटाकडे आणि परत अशी फिरत असेल, तर टेकू पुरेसा नाही असा त्याचा अर्थ. अशा वेळी फुली योग्य जागेवरून जात असताना चाप झटकन ओढण्याचा मोह होतो. बरीच जनावरे याच क्षणी घायाळ होतात. चाप झटक्याने ओढला की रायफल आणखी हलते आणि गोळी निघेपर्यंत फुली पुढे सरकलेली असते.

नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेत घायाळ झालेले जनावर सापडले नाही, तरी त्याचे पूर्ण शुल्क भरावे लागते, अशी सर्रास पद्धत आहे. ते जनावर शिकाऱ्याच्या वाट्याचे धरले जाते. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट त्यानंतरची असते. माग काढणारे लोक रक्ताचे थेंब शोधत काटेरी रानात तासन्‌तास फिरतात. म्हैस किंवा बिबट्यासारखे घायाळ जनावर त्यांच्यावर उलटू शकते. जी चूक शिकाऱ्याने दोन सेकंदांत केली, ती निस्तरायला दुसऱ्या कोणाला जीव धोक्यात घालावा लागतो.

म्हणून अनुभवी मार्गदर्शक अशा वेळी काही ठरावीक पर्याय सांगतात. एक पायरी खाली जा, म्हणजे उभे असाल तर गुडघ्यावर बसा. मागच्या कोपराला आधार शोधा. आणखी जवळ जाता येते का पाहा. यातले काहीच जमत नसेल तर रायफल खाली घ्या. चांगला टेकू नेम स्थिर करतोच, शिवाय आज नेम स्थिर नाही हेही तो स्पष्ट दाखवतो.

भारतात कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याबाबत काही मोजक्या परिस्थितीत कलम ११ नुसार अपवाद करता येतो. पण तो निर्णय राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेशाने घेतात, खासगी व्यक्ती नव्हे. शस्त्र परवाना असला म्हणून शिकारीची परवानगी मिळत नाही. त्यामुळे वरील माहितीचा उपयोग महाराष्ट्रात फक्त अधिकृत मैदानावरील नेमबाजीपुरता, किंवा परदेशातील कायदेशीर शिकार समजून घेण्यापुरता आहे.

टेकूचे तत्त्व मात्र आपल्याकडच्या जंगलांतही रोज वापरले जाते. ताडोबाच्या जिप्सीत बसलेले छायाचित्रकार गाडीच्या कडेवर दाण्यांनी भरलेली पिशवी ठेवतात आणि तिच्यावर लांब लेन्स टेकवतात. लेन्स जितकी लांब, तितका हाताचा कंप मोठा दिसतो. तिथेही कठीण पत्र्यावर लेन्स थेट ठेवत नाहीत, मागचा हात अंगाशी घट्ट धरतात आणि श्वास सोडून मग बटण दाबतात. वाघ हलला तर फोटो धूसर येतो, एवढेच. रायफलच्या टेकूवर अवलंबून असलेली किंमत याहून कितीतरी मोठी असते, म्हणून तो निवडताना घाई करू नये.